मेलेली ढोरे सोडली, मेलेले टीव्ही कोण ओढतो?

"जयभीम वकीलसाहेब. एक इचारायचं हुतं. वायरी जाळल्या तर जेल हुती का?"

केडगाव परिसरातल्या एका वस्तीत रविवारची वंदना आणि त्यानंतरची बैठक आटोपून आम्ही चप्पल पायात सरकवत होतो, तेव्हा एका ताईंनी आम्हाला हा प्रश्न विचारला. वय पन्नाशीच्या पुढे, हाताच्या बोटांना काळे डाग, आवाजात भीती. वकिलाला लोक जमिनीचे विचारतात, जातीच्या दाखल्याचे विचारतात, पोटगीचे विचारतात. वायरीचे विचारणारी बाई आम्हाला वीस वर्षांच्या वकिलीत पहिल्यांदाच भेटली. म्हणून पुण्याची गाडी सोडली आणि ताईंबरोबर त्यांच्या शेडवर गेलो.

केडगाव वाचकांना ठाऊक असेल. पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्टेशन, चौफुल्यापासून जवळ, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे गाव. उसाचा, गुळाचा आणि आता हॉटेलांचा हा पट्टा. वरून पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच दौंड तालुक्याकडे वाहत येते. पाणी येते तसे भंगारही येते, हे मात्र आम्हाला त्या दिवशी कळले.

शेड म्हणजे चार बांबू, वर पत्रे आणि एक तागडी. एका कोपऱ्यात जुन्या टीव्हींच्या पिक्चर ट्यूब फुटून पडलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात फ्रिजचे कॉम्प्रेसर, मिक्सरच्या मोटरी, संगणकाचे डबे, चार्जरची गुंतवळ आणि मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्यांचे एक घमेले. मागच्या ओढ्याकडेला जमीन काळी पडलेली. तिथेच वायरी जाळतात. प्लास्टिक जळून जाते, तांबे उरते. सोललेल्या स्वच्छ तांब्याला भाव जास्त, जळक्या तांब्याला कमी. पण एकेक वायर ब्लेडने सोलत बसले तर दिवसाची मजुरीही निघत नाही, असा ताईंचा हिशेब. धुराची तक्रार शेजारच्या शेतकऱ्यांनी केली. तक्रार खोटी नव्हती, हे ताईंनीही कबूल केले. तेव्हापासून त्या दिवसा जाळत नाहीत, रात्री जाळतात. नातू खोकतो म्हणून त्याला आत निजवतात. दार लावले की धूर येत नाही असा त्यांचा समज.

आम्ही विचारले, ताई, हा धंदा कधीपासून? त्या म्हणाल्या, सासरा गावची मेलेली ढोरे ओढायचा. ते सोडलं. मग नवऱ्यानं हातगाडी घेतली. आता तो नाही, मी आहे.

ताईंनी हे सहज सांगितले. आमच्या मात्र ते काळजात रुतले. वाचकहो, या तीन वाक्यांत आपल्या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे की नाही?

१९२७ च्या महाडच्या परिषदेपासून प. पू. डॉ. बाबासाहेबांनी आपल्या बापजाद्यांना सांगितले की मेलेले जनावर ओढू नका, मेलेल्याचे मांस खाऊ नका. लोकांनी ऐकले. गावोगाव बहिष्कार सोसले, मार खाल्ला, पण सोडले. तेव्हा उलटा प्रश्न विचारणारे शहाणेही होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यातला एक प्रसंग सांगितला आहे. संगमनेरला केसरीचा एक वार्ताहर त्यांना भेटला आणि म्हणाला की तुमचे लोक इतके गरीब, अंगाला धड वस्त्र नाही, आणि तुम्ही त्यांना ढोरांची शिंगे, कातडी, मांस यांच्या शे-पाचशेच्या उत्पन्नावर पाणी सोडायला सांगता, हे नुकसान नव्हे काय? बाबासाहेबांचे उत्तर सडेतोड होते. त्यात एवढाच फायदा दिसत असेल तर तुम्हीच ओढा, वर मी पदरचे पैसे देतो! आजवर तो फायदा घ्यायला कोणी पुढे आलेला नाही.

आज तोच वार्ताहर नव्या सुटाबुटात फिरतो आहे. तो परिसंवादात सांगतो की ई-कचरा ही 'शहरी खाण' आहे, त्यात सोने आहे, चांदी आहे, पॅलेडियम आहे, गरिबांना केवढी रोजगाराची संधी! यात खोटे काही नाही. एक टन मोबाईल फोनांत जेवढे सोने निघते तेवढे एक टन खनिजातही निघत नाही. पण शिंगे आणि कातडीही खोटी नव्हती. ढोर ज्याचे होते त्याने दूध प्यायले, नांगर ओढून घेतला आणि मेल्यावर ते गावकुसाबाहेरच्या माणसाच्या गळ्यात घातले. टीव्ही ज्याचा होता त्याने पंधरा वर्षे बातम्या पाहिल्या, क्रिकेट पाहिले आणि बंद पडल्यावर ताईंच्या हातगाडीवर टाकला. फरक एवढाच की ढोराच्या हाडात शिसे नसते.

हे शिसे जरा समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांत त्याविषयी कोणी बोलत नाही. जुन्या पेटीसारख्या टीव्हीच्या काचेच्या नळ्याला पिक्चर ट्यूब म्हणतात. तिच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसे मिसळलेले असते, कारण आतल्या क्ष-किरणांना अडवायचे असते. बोर्डावरच्या जुन्या डागकामातही कथिलाबरोबर शिसे. चपट्या टीव्हींच्या पहिल्या पिढीत पडद्यामागे प्रकाशासाठी बारीक नळ्या होत्या, त्यांत पारा. जुन्या फ्रिजच्या नळीत ओझोनला भोक पाडणारा वायू. कटरने नळी कापली की फुस्स करून तो आकाशात जातो. वायरीवरचे वेष्टण पीव्हीसीचे. ते उघड्यावर जाळले की आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती मातीत उतरतात, गवतात उतरतात, जनावराच्या दुधात उतरतात. म्हणजे तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातही हे विष पोहोचते. बोर्डातले सोने काढायला तेजाबाची आंघोळ घालणारे कारागीर दिल्लीच्या सीलमपूरला आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला आहेत. मुरादाबादेत बोर्ड जाळून उरलेली राख रामगंगेच्या काठावर साठली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. केडगावच्या शेडवर तेजाब नव्हते. बोर्ड पोत्यात भरून ठेवले होते. महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून एक टेम्पो येतो आणि वजनावर घेऊन जातो. पुढे ते कुठे जातात, ताईंना माहीत नाही. टेम्पोवाल्यालाही बहुधा माहीत नसावे.

शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाचे रक्त, मूत्रपिंड आणि नसा त्याने बिघडतात, पण खरा घात लहान मुलांचा. शिसे मेंदूत जाते, मूल अभ्यासात मागे पडते, चिडखोर होते. ताई संध्याकाळी त्याच लुगड्याने नातवाला जवळ घेतात. शाळेत मास्तर म्हणणार, या वस्तीतली पोरे ढच आहेत. पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्यांची पोरे शाळेत गेली आणि आता हे विष त्यांच्या डोक्यात शिरते आहे. 'शिका' हा ज्या समाजाला मिळालेला पहिला मंत्र, त्या समाजाने या प्रश्नाकडे पर्यावरणवाल्यांचा हौशी प्रश्न म्हणून पाहावे काय?

केडगावातच शिशाचा एक वेगळा इतिहास आहे, तो आठवल्यावाचून राहवत नाही. रमाबाईंनी इथे दुष्काळातल्या मुली आणि विधवा आणल्या, त्यांना लिहायला शिकवले आणि छापखाना काढला. बायाबापड्या तिथे खिळे जुळवत. छापखान्याचे खिळेही शिशाचेच. रमाबाई कोणत्या धर्मात गेल्या आणि का गेल्या हा वेगळा विषय, पण त्या काळी बाईच्या हातात यंत्र आणि कसब देणारी जागा याच गावात उभी राहिली. शंभर वर्षांनी त्याच परिसरात बाईच्या हातात हातोडा आहे, आणि शिकवायला कोणी नाही.

असो. ताईंचा प्रश्न कायद्याचा होता. त्याचे उत्तर आम्ही दिले, ते इथेही देतो.

धुराने हवा आरोग्यास अपायकारक करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० खाली गुन्हा आहे, दंड एक हजार रुपयांपर्यंत. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली. इथपर्यंत ठीक. पण ई-कचऱ्याचे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले आहेत आणि त्या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढली. १ एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी कमीत कमी दहा हजार आणि जास्तीत जास्त पंधरा लाख रुपयांची शास्ती आली. उद्योगधंदा सुलभ व्हावा, व्यापाऱ्याच्या मानेवरची तुरुंगाची तलवार जावी, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला. मात्र शास्ती नव्वद दिवसांत भरली नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच कायद्यात आहे.

आता हिशेब करा. पंधरा लाख हा बड्या कंपनीला एका जाहिरातीचा खर्च. दहा हजार ही ताईंची दोन महिन्यांची शिल्लक, तीही शिल्लक पडली तर. कंपनी भरेल आणि सुटेल. ताईंना भरता आली नाही तर? म्हणजे तुरुंग कायद्यातून गेला, पण तो कोणासाठी गेला? "जेल हुती का?" या प्रश्नाला आम्हाला 'नाही' असे सरळ उत्तर देता आले नाही, याची वकील म्हणून आम्हाला लाज वाटली.

ई-कचऱ्याचा पहिला स्वतंत्र नियम २०११ साली झाला आणि १ मे २०१२ पासून, म्हणजे कामगार दिनापासून, लागू झाला. हा योगायोगच म्हणायचा, कारण त्याच्या केंद्रस्थानी कामगार नव्हता. त्याचे मुख्य तत्त्व मात्र चांगले होते. ज्याने वस्तू बनवून विकली त्यानेच ती मेल्यावर परत घेऊन तिची नीट विल्हेवाट लावावी. इंग्रजीत त्याला मोठे नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याचे ढोर त्याने ओढावे! बाबासाहेबांनी संगमनेरच्या वार्ताहराला दिलेले उत्तरच कायद्यात शिरले असे आम्ही गमतीने म्हणतो. पुढे २०१६ चे नियम आले, १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू. त्यांत संकलन केंद्राला जागा होती, सुटे भाग करणाऱ्यालाही जागा होती. मग २ नोव्हेंबर २०२२ रोजी नवे नियम निघाले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. वस्तूंची यादी एकवीसवरून शंभराच्या वर गेली. पण नोंदणीचे वर्ग चारच उरले : कारखानदार, बाजारात वस्तू आणणारा उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्चक्रण करणारा. दारोदार फिरून वस्तू गोळा करणारी आणि तिचे सुटे भाग करणारी ताई या चारांत कुठे बसते? कुठेच बसत नाही. चार वर्णांची व्यवस्था आणि पाचवा बाहेर, ही रचना आम्हाला नवीन नाही.

काही जण म्हणतील, वकीलसाहेब प्रत्येक गोष्टीत जात आणतात. आम्ही आणत नाही, ती आधीच तिथे असते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत बहुसंख्य बाया होत्या आणि त्या बहुसंख्येने दलित जातींच्या होत्या. हे काय नशिबाने घडले? जातिव्यवस्थेने नुसती कामे वाटली नाहीत, कामे करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. कामाचे साहित्य बदलले, कातड्याच्या जागी मदरबोर्ड आला, पण रचना तशीच राहिली. केडगावच्या शेडवर मुस्लिम भंगारवाल्यांची येजा आहे आणि भटक्या जमातींची पोरेही तिथे माल घालतात. पुढे टेम्पो ज्याचा, त्याच्या पुढे गोडाऊन ज्याचे, त्याच्या पुढे कारखाना ज्याचा, तिथे मात्र आडनावे बदलत जातात. माल जसा महाग होतो तशी जात वर चढते.

त्या पंचायतीचे काम मात्र सर्व चळवळींनी अभ्यासावे असे आहे. 'चोर' म्हणून हाकलल्या जाणाऱ्या बायांना महापालिकेचे ओळखपत्र मिळाले. महापालिकेने विम्याचा हप्ता भरला. २००८ साली त्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. आज 'स्वच्छ'च्या बाया सोसायट्यांतून जुन्या वस्तू आणि ई-कचराही ठरल्या दिवशी उचलतात. ज्यांना शहर कचरा समजत होते त्यांनी कचऱ्याच्या जोरावर शहराशी करार केला, ही साधी गोष्ट नाही. पण केडगावला महापालिका नाही. ताईंच्या मागे पंचायत नाही.

आणि ताईंच्या उत्तरेला काय आहे? भीमा ओलांडली की शिरूर तालुका. न्हावऱ्याच्या रस्त्याने गेलात तर तास-दीड तासात रांजणगाव. तिथल्या एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, हायर या कंपन्यांचे कारखाने आहेत. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशिन तिथे जन्म घेतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच रांजणगावात सुमारे पाचशे कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी जाहीर केली. जागा जवळजवळ तीनशे एकर. रांजणगावातच धोकादायक औद्योगिक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारा मोठा सामायिक प्रकल्पही आहे. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या विषाला अस्तर लावलेला खड्डा मिळतो, आणि तेच विष टीव्हीच्या पोटात बसून घराघरांतून फिरून आले की त्याला ताईंचा ओढा मिळतो. जन्म रांजणगावला आणि अंत्यविधी केडगावला! अंत्यविधी कोणी करायचा हे तर मनूनेच ठरवून ठेवले आहे.

आकडे पाहिले तर अंगावर काटा येतो. २००५ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत ई-कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे साडेसतरा लाख टन ई-कचरा झाला. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन, आणि त्यातला नोंद ठेवून नीट गोळा झालेला आणि पुनर्चक्रण झालेला अवघा २२ टक्क्यांच्या आसपास. श्रीमंत देशांनी आपले मेलेले संगणक गरीब देशांत फेकू नयेत म्हणून १९८९ साली बासेलचा करार झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १४ ऑक्टोबर २००३ च्या निकालात धोकादायक कचऱ्याच्या आयातीवर कडक निर्देश दिले. १४ ऑक्टोबर, आपल्या धम्मदीक्षेचा दिवस. परदेशाने आपल्या देशात कचरा टाकू नये हे आपल्याला पटते. मग शहराने आपला कचरा गावकुसाबाहेर टाकू नये, हे का पटत नाही?

नव्या नियमांनी उत्पादकांना उद्दिष्ट दिले आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी साठ टक्के, पुढची दोन वर्षे सत्तर, नंतर ऐंशी. उत्पादकाने माल गोळा करायचा किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. प्रमाणपत्र स्वस्तात विकले जाऊ नये म्हणून सरकारने ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक मालासाठी किलोमागे किमान बावीस रुपये असा दर ठरवला. त्याविरुद्ध एलजी, सॅमसंग अशा बड्या कंपन्या २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर जास्त होतो म्हणे. न्यायालयात जाणे हा त्यांचा हक्क आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण त्या बावीस रुपयांतला एक रुपया तरी टीव्ही दारातून उचलून आणणाऱ्या हाताला द्यावा, असे नियमात कुठे लिहिले आहे? भांडण कंपनी आणि कारखान्याचे. ताई त्या दाव्यात पक्षकारही नाहीत.

नियमात ताईंसाठी काहीच नाही असे मात्र नाही, आणि हेच आम्हाला आपल्या कार्यकर्त्यांना सांगायचे आहे. २०१६ च्या नियमांपासून राज्य सरकारवर एक जबाबदारी टाकलेली आहे आणि २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे. सुटे भाग करणाऱ्या आणि पुनर्चक्रणाच्या कामातल्या कामगारांना ओळख देऊन त्यांची नोंदणी करणे, त्यांचे गट उभे करायला मदत करणे, त्यांना कौशल्य शिकवणे, त्यांच्या आरोग्यावर आणि सुरक्षिततेवर दरवर्षी देखरेख ठेवणे, आणि या कामासाठी औद्योगिक वसाहतींत जागा राखणे. औद्योगिक वसाहतींत जागा! रांजणगावात तीनशे एकरांची बात चालते, तिथे ताईंच्या गटासाठी चार गुंठे मागितले तर ती भीक नव्हे, तो नियम आहे. कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात सांगितले आहे. मागणारा कोणी नाही म्हणून तो निकाल ग्रंथालयात पडून आहे.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपल्यातला नोकरदार वर्ग, आम्ही स्वतः त्यातलेच, दर दोन वर्षांनी मोबाईल बदलतो. जुना टीव्ही देताना भंगारवालीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. जयंतीच्या मिरवणुकीतले फुटके स्पीकर, जळालेले ॲम्प्लिफायर आणि एलईडीच्या माळा दुसऱ्या दिवशी कुठे जातात हे आपण कधी विचारले काय? ज्या ताई वंदनेला आपल्या शेजारी बसतात, त्यांच्या ओढ्यात जातात. सम्यक आजीविका सांगताना भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. एक भाऊ आम्हाला म्हणाला, मग ताईंचा धंदाही वर्ज्यच की! आम्ही त्याला विचारले, विष बनवून विकणारा व्यापारी, की ते पोटासाठी उचलणारी व्यापारी?

त्रिपिटकातली एक गोष्ट आम्हाला या विषयात फार मोलाची वाटते. विनयपिटकात, चुल्लवग्गात ती आहे. कौशांबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला, एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार काय, दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. आणि जुन्या चीवरांचे काय? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्या अंथरुणाचे? पायपुसणी. पायपुसण्यांची? फडकी. आणि फडकी फाटली की? कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली. वस्तूचा शेवट कुठे होणार हे ती हातात घेतानाच ज्याला ठाऊक आहे, त्याला ती घेण्याचा अधिकार आहे, असे आम्ही या गोष्टीतून घेतो. आज फोन घेताना दुकानदाराला विचारून पाहा, हा मेल्यावर कुठे जाईल? तो तुमच्याकडे उदेन राजासारखाच पाहील.

त्या दिवशी आम्ही शेडवरच तासभर बसलो. धंदा सोडा असे सांगायला आमची जीभ रेटली नाही. ढोरे सोडताना बाबासाहेबांनी पोरांना शाळेची वाट दाखवली होती, आमच्याकडे ताईंना देण्यासारखे दुसरे काम नव्हते. म्हणून जे आज करता येईल ते बोललो. पिक्चर ट्यूब फोडायची नाही, आख्खी ठेवायची. तिच्या काचेला भाव नाही आणि फोडून फक्त शिसे मोकळे होते. वायर जाळायची नाही. सोलायचे यंत्र मिळते, हाताने फिरवायचेही आणि मोटरीवरचेही. दोन-तीन शेडवाल्यांनी मिळून घेतले तर परवडते आणि सोललेल्या तांब्याला भाव जास्त मिळतो म्हणून यंत्राचे पैसे सुटतात. फ्रिजची नळी कापायची नाही. फुगलेली बॅटरी ठेचायची नाही, कोरड्या वाळूत वेगळी ठेवायची. कामाचे लुगडे वेगळे, हात धुतल्याशिवाय नातवाला घ्यायचे नाही. आणि नातवाच्या रक्तातले शिसे एकदा तपासून घ्यायचे. या शेवटच्या गोष्टीवर ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, तपासून निघालं तर? तेव्हा आम्हीही गप्प झालो.

दुसरी गोष्ट कागदाची. आसपासच्या शेडवरच्या अकरा जणींची नावे त्या दिवशी आम्ही वहीत उतरवली. नियमाचा आधार देऊन कामगार खात्याकडे नोंदणीचा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जागेचा अर्ज करायचे ठरले. गट झाला की नोंदणीकृत पुनर्चक्रकाशी थेट बोलता येईल, मधला टेम्पो गळेल. जिल्ह्यातल्या शाळांत डेडस्टॉक रजिस्टरात अडकून पडलेले संगणक धूळ खात आहेत. त्यांचे निर्लेखन होते तेव्हा लिलावात ठेकेदार उभा असतो. हजार नग वापरणारी कोणतीही संस्था नियमाने 'मोठी ग्राहक' ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत जागीच दिला पाहिजे. एकट्या शाळेला हे लागू होत नाही, पण जिल्ह्याच्या शाळा एकत्र मोजल्या तर? हा मुद्दा आम्ही अर्जात घातला आहे. विहाराच्या समितीने वर्षावासात महिन्यातून एक रविवार जुन्या वस्तू गोळा करायचे कबूल केले आहे. कोणाला हसू येईल, विहारात भंगार! येऊ द्या.

अर्जावर सह्या घेताना ताईंनी अंगठा पुढे केला नाही. पेन मागून घेतले आणि वेळ लावून नाव लिहिले. शाईपेक्षा बोटांचाच डाग कागदावर जास्त उमटला. मग विचारले, "वकीलसाहेब, याची पोच मिळती का? पोच पायजे बरं का. माझं नाव लिवल्याली पोच."

अर्ज दोन प्रतींत केला आहे. पोच आणायला आम्ही ताईंना बरोबर घेऊन जाणार आहोत.